दीड वर्षाची शिंगी

मखमलाबादच्या पाटाकडेला, द्राक्षबागेमागे
भाड्याने घेतलेला पत्र्याचा गोठा.
साडेपाचला खरारा, तोबरा. नऊला बँक.
बाहीवर तांबूस केस बघून कॅशियर कुलथे विचारतो,
"घरी मांजर पाळलंय की काय?"

रज्जाकभाईंचा टांगा मोडीत गेला, हात नाही.
ते तिच्या खुराला बोट लावतात, ती पाय देते.
मी लावतो, तर बघते नुसती,
चुकीच्या खिडकीवर आलेल्या गिऱ्हाइकाकडे
आम्ही बघतो तशी.

"लगामाची घाई नको. आधी उभं राहायला शिकायचं."
कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही.

काल बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला
आणि दोर माझ्या तळव्याची साल घेऊन गेला.
पाटापर्यंत धावलो. मग थांबलो,
दम लागला म्हणून; शहाणपण सुचलं म्हणून नव्हे.
तिच्याकडे पाठ करून बांधावर बसलो,
हातावर फुंकर घालत,
विकून टाकायचे आकडे मांडत.

बऱ्याच वेळानं मानेवर ऊन ऊन श्वास,
चघळलेल्या घासाचा.
वळलो नाही.
दोर पायाशी ढिला पडला होता,
तो उचलायचा
राहूनच गेला.