वरची फट

डिसेंबर सरता सरता किल्ला गेला.
गेला म्हणजे धुक्यात. दर वर्षी जातो,
आणि संक्रांतीच्या पुढेमागे, कुणी न बोलावता,
परत येऊन डोंगरावर बसतो.
तोवर आमच्या कंपूच्या गल्लीला शेवट नसतो,
समोरच्या घराचा नुसता खोकला ऐकू येतो.

कोंबड्या पाच. दोन तांबड्या, एक काबरी,
एक उघड्या मानेची, तिला आम्ही मास्तरीण म्हणतो,
आणि एक काळी, जी आमची नाहीच,
रमजानीचाचांची भिंत ओलांडून आली आणि राहिली.
दिवाळीपासून अंडी बंद आहेत.
दिवस आखडला की त्याही हात आखडतात.
मी काही म्हणत नाही. मीही रिटायर आहे.

पहिल्या पाल्याच्या रात्री मी खुराडं गच्च लिंपलं.
गोणपाट, जुनी सतरंजी, निवडणुकीचा फ्लेक्स,
फटीफटीत वर्तमानपत्राचे बोळे.
वाटलं, आता कशी उबेत झोपतील.
पहाटे दार ओढलं
तर वास डोळ्यांना झोंबला.
पत्र्याला घाम फुटलेला, पाठींवर टपटपतोय,
आणि काबरीच्या तुऱ्याचं टोक
उदबत्तीनं डागल्यासारखं काळं.

चाचा भिंतीवरून बघत होते, कानटोपीत.
"ठंड से नहीं मरतीं, भाईसाब, सील से मरती हैं."
सील म्हणजे ओल.
म्हणजे त्यांचाच श्वास, बाहेर जायला वाट न मिळालेला.

तर त्रेसष्टाव्या वर्षी मी शिकलो
की दांडीच्या उंचीला वारा नको,
पण वर, छपराखाली, वीतभर फट उघडी हवी.
दांडी गोल नको, चपटी हवी,
त्यावर त्या पोट टेकून बसतात
आणि पायाची बोटं स्वतःच्याच पिसांत ठेवतात.
खाली भाताचं तूस, ढोपरभर,
रोज काट्यानं खालीवर करायचं.
संध्याकाळी मूठमूठ मका,
तो रात्रभर पोटात शेगडीसारखा जळतो.
बल्ब लावायचा नाही. तूस आहे, पेटेल.
तुऱ्याला सरसोंचं तेल.
मास्तरीण तेल लावून घेत नाही,
तिला बगलेत धरावं लागतं,
आणि तेव्हा कळतं, केवढी गरम आहे ही,
केवढी हलकी.

पाणी पहाटे चारला बदलतो, कोमट.
चारला कशाला, सहाला चाललं असतं.
पण निशिकांत मालनपूरला रात्रपाळीला असतो,
बिस्किटांच्या भट्टीपाशी आठ तास,
आणि मग तिथून थेट भिंड रोडच्या धुक्यात मोटारसायकलवर,
पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून.
हे मी कुणाला सांगत नाही.
बादली घेऊन अंगणात उभा राहतो,
पाणी ओततो, उगीच पुन्हा ओततो,
गोला का मंदिरच्या बाजूनं येणारी प्रत्येक गाडी
ओळखीची वाटते, आणि पुढे निघून जाते.

आज पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.
हेल्मेटच्या काचेवर दव गोठलेलं,
हातमोज्यातून बोटं काढता येईनात त्याला.
"अजून जागे?"
"कोंबड्यांचं पाणी."
"ह्या वेळी?"
"गोठतं."
बिस्किटांचा वास आला त्याच्या जॅकेटला, गोड, भाजका.

तेलाची वाटी हातातच होती.
त्याचे कान लाल झालेले, कडा पांढुरक्या.
तो म्हणाला, बाबा, हे तेल कोंबड्यांचं ना?
मी म्हटलं, हलू नको.
बगलेत धरायला तो आता मावत नाही,
तरी थोडा वाकला.

मग तो शेगडी ओढून खोलीत झोपला,
दार आतून घट्ट लावून.
मी स्टूल घेतलं, बाहेरून चढलो
आणि झरोक्यात कोंबलेला टॉवेल
काठीनं ढोसून ढोसून आत पाडला.
त्यानं झोपेतच शिवी दिली.

अंगणात काळी एका पायावर उभी होती,
दुसरा पोटाशी.
किल्ला अजून आलेला नाही.