हयातीचा दाखला

नोव्हेंबरात उदगीरला जातो,
मी जिवंत आहे, हे बँकेला सांगायला.
स्टँडवरचा चहावाला विचारतो, "कुठं चाललाव, फौजी?"
म्हणतो, हजेरीला.

खिडकीतली पोरगी अंगठा मागते.
काचेखाली उजेड येतो, जातो.
"उमटंना गेलाय बाबा, पुसा की जरा."
पुसतो. टोपीला, मग गुडघ्यावर.
तिला काय सांगू,
ह्या अंगठ्याचं कातडं वरच्या चौकीवर राहिलंय,
स्ट्रेचरच्या गारठलेल्या नळीला चिकटून,
मौलालीला खाली आणताना.

मौलाली शेख, राहणार हंडरगुळी.
बैलाचे दात बघून वय सांगायचा.
सुभेदारसाहेबांचंही सांगायचा,
हळूच, माझ्या कानात.
उतरताना सारखा बोलत होता.
शेवटच्या वळणाला गप झाला.
आम्हाला वाटलं, झोप लागली.

"दुसरं बोट द्या, बाबा."

व्यंकट बिरादार अख्ख्या कंपनीची पत्रं लिहायचा.
त्याचं स्वतःचं अर्धंच सापडलं:
'मी खुशाल आहे, तुम्ही' इथवर.
सुट्टीत ते घेऊन त्याच्या घरी गेलो.
बापाला अक्षर येत नव्हतं. म्हणाला, वाच.
वाचलं.
ओळ संपली, मी थांबलो नाही.
ज्वारीचं विचारलं, बहिणीच्या सोयरिकीचं विचारलं,
आणि तोंडातून निघून गेलं,
'दर महिन्याला पैसे लावून देतो.'

म्हातारा भिंतीकडं बघत होता.
त्याला कळलं असेल.
कागद एवढासा तर होता.

अकरा वर्षं मनिऑर्डर केली.
एकदा परत आली,
वर पोस्टमनच्या हातचं, घेणारा मयत.
पदकाच्या डबीत आता तोच कागद असतो.
पदक नातवाकडं,
तो त्याला दोरी लावून गाडीचं चाक करतो.

पाचव्यांदा यंत्र किणकिणतं.
"झालं बाबा," पोरगी हसते, "तुम्ही आहात."
आहे, म्हणतो.
आणि चपलेच्या टाचा
आपोआप जुळतात.

मी बाजाराचा वार धरूनच निघालेला असतो.
परतीला हंडरगुळीत उतरतो.
घ्यायचं काही नसतं.
एखाद्या देवणी खोंडाची मान धरतो, ओठ वर करतो.
मालक म्हणतो, "जुळलाय की मामा, उद्याच औताला धरा."
"नाही," मी म्हणतो, हळूच,
"अजून दोन दात यायचेत."