अंगठ्याची जागा

सात बंगल्याच्या नाक्यावर माझं दुकान,
रुंदीला दोन माणसं, त्यातला एक मी.
महादेव चिंचय आले, पायताण बाहेर काढलं
आणि काउंटरवर दोन फोन शेजारी शेजारी ठेवले,
पापलेटांची जोडी गिऱ्हाइकापुढे ठेवावी तसे.

"हा जुना. हा जावयाने दिला.
जुन्यातलं सगळं नव्यात पायजे. तसंच्या तसं."

जुना अँड्रॉइड. काच कोपऱ्यातून फुटलेली,
पण तोंडावरची मांडणी बघून मी खुर्ची पुढे ओढली.
वर भरती-ओहोटीची रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलेली,
खाली तिथी: नवमी, म्हणजे भांगाचं पाणी, उधाण नाही.
मग वारा. मग नातवाचा फोटो, शाळेच्या बुटांसकट.
आणि उजवीकडे खाली
दोन बोटं रुंद, तीन बोटं उंच
काहीच नाही.

नवा म्हणजे आयफोन, जावयाने तीन वर्षं वापरलेला.
त्याच्याकडे विजेट तीन मापांत मिळतं, लहान, मध्यम, मोठं,
गणवेशाच्या दुकानासारखं.
अँड्रॉइडवर कडा धरून ओढा, कणकेसारखं वाढतं,
कधी वेडंवाकडं, अर्धा आकडा बाहेर, पण वाढतं.
याच्यावर अक्षर सुबक, कोपरे गोल.
त्याच्यावर तीन कंपन्यांचे तीन निळे.
याची रेघ स्वतःच्या मर्जीने ताजी होते,
त्याची बॅटरी पिते, पण विचारलं की सांगते.
मी दोन्ही विकतो. मला भांडण परवडत नाही.

भरती लावली. तिथी लावली.
तोच वारा मिळाला नाही, दुसरा वारा दिला.
मग दोन्ही पडद्यांवर ओहोटीची वेळ बघितली
तर अकरा मिनिटांचा फरक.
मी खजील. चिंचय म्हणाले, "एकाने अपोलो बंदर धरलं असंल.
ऱ्हाऊ दे. अकरा मिनटं चहाला."

"पण ही जागा?"

म्हटलं, काका, याच्यावर मधे रिकामं राहत नाही.
एक चिन्ह काढलं की मागची सगळी पुढे सरकतात,
आपल्याकडे खोली खाली होते ना, तसं,
सकाळी कुलूप, संध्याकाळी दुसऱ्याच्या चपला.
नव्या आवृत्तीत ठेवता येतं रिकामं,
पण ती आवृत्ती यात चढत नाही. जागा पुरत नाही.

ते काही बोलले नाहीत. जुना फोन उजव्या हातात धरला.
अंगठा पेराशी संपलेला.
विंचच्या दोरात गेला, दोर ताणलेला, जाळं भरलेलं.
उरलेला तुकडा बरोब्बर त्या काहीच-नाहीवर आला.
"हितं धरतो. हितं काय असलं की आपोआप लागतं.
मागे रातच्या दीडला जावयाला लागला. सगळं घर जागं."

मग मी एक लबाडी केली, कॉलेजच्या पोरांनी शिकवलेली.
रिकाम्या पडद्याचा फोटो काढला,
अंगठ्याच्या मापाचा तुकडा कापला
आणि तिथेच विजेट म्हणून लावला.
निळ्यावर निळं. शिवण दिसत नाही.
जागा रिकामी राखायची तर तिथे काहीतरी ठेवावंच लागतं,
नळाच्या रांगेत वीट ठेवतात तसं.

खोटं बोलवेना, म्हणून सांगितलं,
दाबलं तर उघडेल. आत अ‍ॅप आहे.

त्यांनी अर्धा अंगठा टेकवला.
पांढरं पान उघडलं. मधोमध लिहिलेलं, फोटो निवडा.
बराच वेळ बघत राहिले,
खाडीच्या तोंडाशी होडी येताना बघावी तसे.
"दार उघडलं," म्हणाले, "पण कुणाला फोन नाय ना लागला?"
नाही.
"मग झालं."

दीडशे सांगितले होते, शंभर ठेवले,
दोन फोन दोन खिशांत घातले आणि गेले चहाला.

मी माझा फोन उचलला.
बातम्या, पावलं, सोनं, शेअर, हवामान, हप्ता.
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत
बोट ठेवायला जागा नव्हती.