शेपटीवरचा नंबर

वीतभर लांबीचं मिग.
केतकीनं पाच रविवार घातले त्यावर,
सांध्यांत पुट्टी, पुट्टीवर पॉलिश पेपर,
शेपटीवर बसू नये म्हणून नाकात
सायकलचे दोन छर्रे, उद्यमनगरातनं आणलेले.
राखाडी रंग दिला, वाळला.
मग खोक्यातला चिन्हांचा कागद पाण्यात सोडला
आणि तो नासलेल्या दुधासारखा फुटला.
बावीस वर्षं जुनं खोकं,
कुणाच्या तरी माळ्यावरनं स्वस्तात मिळालेलं.
चक्रं, आकडे, बारीक सूचना,
सगळं वाटीत तुकडे तुकडे.

"आज्जा, तू नंबर काढायचास न्हवं?"

काढायचो.
गंगावेशीत टपरी होती, शशी आर्ट्स.
एम एच नऊ
किती हजार वेळा लिहिलं त्याचा हिशोब नाही.
बुलेटला सावली देऊन, ट्रॅक्टरला ठसठशीत,
दुधाच्या गाडीला मागं मालकाच्या पोरींची नावं.
मग रेडियम आलं, कापून चिकटवायचं.
मग सरकारच ठोकळ्यातला पत्रा द्यायला लागलं,
सगळ्यांचं अक्षर एकसारखं.
ब्रश टर्पेंटाइनमधे ठेवले होते, ते तिथंच वाळले.

इलाहीच्या प्रेसमधे गेलो, लग्नपत्रिका छापतो तो.
कागदाला डिंक चोपडला, वर वॉर्निशचा एक हात,
चक्रं छापली.
केशरी जरा कुंकवाकडं झुकलं.
हिरवा बरा.
पांढरा आलाच नाही.
इलाही म्हणाला, मशीनला पांढरा म्हणजे कागद,
कागद निघाला की पांढरा गेला.
विमानावर धरून बघितलं,
खरंच, मधलं कडं राखाडी.
केतकी काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

पांढरा हातानं भरला.
आधी पंखावर पांढरा गोल, मग त्यावर चक्र.
तीन केसांचा ब्रश,
गुजरीतनं मागून आणलेलं भिंग डोळ्यात दाबून.
श्वास सोडताना रेघ ओढायची नाही,
सोडून झाल्यावर, पुढचा घ्यायच्या आत.
हे हाताला आठवत होतं, मला नाही.

शेपटीचे आकडे मात्र छापू दिले नाहीत.

जन्मभर लिहिलं ते निघू नये म्हणून,
चिखलात, उन्हात, म्हशीच्या शेपटीच्या फटक्यात.
आता हे निघायलाच पाहिजे.
कोमट पाण्यात टाकलं की डिंक ढिला पडतो
आणि चार आकडे
कागद सोडून
नखाएवढ्या पडद्यावर बसून सरकतात.
केतकी चिमट्यानं ढकलते, मी ओरडतो, डावीकडं!
अगं माझ्या न्हवं, विमानाच्या डावीकडं!

दोन जागी खाली हवा राहिली, उजेडात चांदी मारते.
उजव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे.
इथं पाय ठेवू नका, असं सांगणारी ओळ
मुंगीच्या मापाची.
कुणाचा पाय, कोण जाणे. लिहिली.

आणि केतकी झोपल्यावर
चाकाच्या झडपेच्या आतल्या अंगाला
लिहिलं, एम एच नऊ.

तिला पंधरा दिवसांनी सापडलं, धूळ झटकताना.
"खऱ्यावर असं नसतं."
नसतं, म्हटलं.
तिनं पुसायला बोळा भिजवला,
मग बाटलीचं झाकण परत लावलं.

हल्ली संध्याकाळी
उजळाईवाडीकडं विमान उतरायला लागलं
की मी गच्चीवर जातो.
पंखाखाली काळी अक्षरं असतात,
पाच, मधे एक आडवी रेघ.
नीट वाचता येत नाहीत आता.
पण शेवटच्या दोघांत
कुणीतरी अंतर जरा जास्त सोडलंय.