पाऊलवाट क्रमांक दोन

साखर वाढली तेव्हा डॉक्टर गावंडे म्हणाले, चाला.
कुठं, ते नाही सांगितलं.
म्हणून मी रोज सहाच्या आधी, परतवाड्याच्या टोकाला,
वनखात्याच्या उद्यानात,
वार्षिक पास गळ्यात अडकवून.

वाट क्रमांक दोन. दोन किलोमीटर, दोनशे मीटर.
सुरुवातीलाच सिमेंटचं हरीण, एक शिंग मोडलेलं,
आतली सळई बाहेर.
मग साग. मार्चमधला साग म्हणजे
सगळं पान खाली, वर नुसतं आभाळ,
पावलागणिक कुणी पापड मोडतंय असा आवाज.
सातभाई चालले तर वाटतं माणूस आला.
माणूस आला तर वाटतं, असतील सातभाई.

झाडांना पाट्या आहेत.
"बाई, हा धावडा नोहे, मोह हाय," सानू कासदेकर म्हणाला होता,
फाटकावरचा चौकीदार.
"पाटी ठोकणारा बाहेरचा होता."
धावडा म्हणवून घेत
तो मोह रात्रभर टपटपत राहतो.

तिसऱ्या वळणावर दम लागतो. तिथं बाक:
कै. शेवंताबाई ढोरे यांच्या स्मरणार्थ.
मी ओळखत नाही त्यांना.
रोज बसते, रोज मनात माफी मागते.

आणि मग मनोरा, आणि सातपुडा.
आधी नुसता राखाडी,
ऊन लागलं की वाळत घातलेल्या लुगड्यासारखा
घडीमागून घडी दाखवत जातो.
पोरं पाठ करतात त्याच्याकडे आणि फोटो काढतात.

त्या दिवशी सानू वर आला होता कठडा बांधायला,
हातात तार, पकड.
मान न वळवता म्हणाला,
"थे दोन डोंगर दिसते ना, मधात खाच?
खाचीच्या अलीकडं आमचं गाव होतं."
कोणतं?
"सालईढाणा."

एकतीस वर्षं मी पोस्टात टपाल लावलं.
सालईढाणा: चौथी ओळ, डावीकडून दुसरा खण.
न पाहता फेकायचे मी,
हाताला ते गाव पाठ होतं,
डोळ्यांना कधी दिसलं नाही.
गाव खाली सपाटीवर आणलं, त्या आठवड्यात
खणावरची चिठ्ठी मीच नखानं खरवडली.
थोडा डिंक राहिला. तो नंतर काळा पडला.

सांगितलं त्याला.
तो तार पिळत होता.
"काय येत जाय त्याच्यात?"
फार नाही. मनीऑर्डरी. शाळेचे कागद.
एकदा एक पुडकं आलं फाटलेलं,
टेबलभर कुटकी सांडली,
आम्ही तिघींनी ओंजळीनं भरली, वरून सुतळी बांधली.
"मंग पोचली?"
पोचली असेल.
तो हसला. "असंन," म्हणाला,
आणि उरलेली तार दातानं तोडायला गेला,
मग आठवलं, हातात पकड आहे.

मी डोंगर मोजले. एक ओळ, दुसरी, तिसरी.
चौथी धुक्यात होती.

उतरताना गुडघा बोलतो.
धाव‍ड्याच्या पाटीखाली एक फूल उचललं,
ओलं, मेणासारखं,
माती पुसली न पुसली, तोंडात टाकलं.
किती गोड.
गावंडे डॉक्टरांना हे सांगायचं नाही.