रुमालाखाली

हाळीच्या बाजारात मैनोद्दीन दलालानं
माझा हात रुमालाखाली ओढला.
म्हणाला, सर, वही ठेवा, बोटं द्या.

चार बोटं दाबली म्हणजे चार,
अख्खा पंजा म्हणजे पाच.
पुढं शून्यं किती,
ते बैलाच्या शिंगांकडं बघून समजायचं.

तीन वर्षं झाली, विद्यापीठात
हेच समीकरण मांडतोय :
दोघांनाच ठाऊक असलेला भाव
तिसऱ्याला किती बिटांत कळेल?
गाईड म्हणतात, गोंगाट वजा करा.
इथं तर सगळा गोंगाटच,
हलगी, भज्यांची कढई, घुंगरं, धूळ,
अन् मधोमध एवढंसं अंधारलेलं कापड.

मेंदूवर काम करणाऱ्या अनिसाला फोन लावला.
ती म्हणाली, पेशींचंही असंच रे.
मधल्या फटीत काय ठरलं
ते आम्हाला हात हलल्यावर कळतं.

उदगीरच्या एसटीत वही उघडली.
तळव्यावर अजून दाब होता.
आकडा लिहायला घेतला अन् आठवेना,
मधलं बोट त्यानं दोनदा दाबलं
की माझंच थरथरलं.

देवर्जनजवळ फोन वाजला.
मैनोद्दीन :
सर, सौदा तर तुम्हीच पक्का केला.
बैल कधी नेताय?