पारडं

सांगलीच्या यार्डात वजनाच्या पारड्याखाली
डांबरानं चिकटवलेला एक दगड, पाव किलोचा.
शेठचा. मी नुसता तोलणारा.

रिबकाबाई हळद निवडून टोपली आणी,
काटा बघे, मग मला.
बोलत नसे.

प्रभुभोजनाच्या रविवारी, मिरजेत,
ताट तिच्याकडून माझ्याकडे आलं.
माझ्या वाटच्या भाकरीवर
तिच्या अंगठ्याची पिवळी खूण.

इतकी वर्षं मी ढगांकडे बघत होतो:
तो येईल, न्याय करील, तेव्हा बघू.
तो जिभेवर होता.
कडवट.

सोमवारी, शेठ यायच्या आधी, दगड उपटला.
गुरुवारी काम गेलं.
दारात रिबकाबाई म्हणाली, "आणि मागचं?"

हिशेब मांडतोय अजून. वह्या नाहीत.
दगड सदऱ्याच्या खिशात असतो,
चालताना एक खांदा खाली ओढतो.